टाळेबंदीतील एचआयव्ही उपचार
एचआयव्हीवरील एआरटी उपचारात खंड पडल्यास रक्तातील विषाणू पुन्हा वाढतात आणि ते औषधांना दाद देईनासे होण्याचा धोका असतो. भारतात ही औषधे शासकीय केंद्रांतून १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली. २५ मार्च २०२० रोजी कोरोनामुळे देशभर टाळेबंदी लागू झाली आणि दरमहा केंद्र गाठणे अनेकांना दुरापास्त झाले. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, म्हणजेच नॅकोने, तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याची, तसेच परगावी अडकलेल्यांना जवळच्या केंद्रातून औषध पुरवण्याची सूचना केली. काही ठिकाणी स्वयंसेवकांनी गोळ्या घरपोच दिल्या. अर्थात, दारात आलेले पाकीट शेजाऱ्यांच्या नजरेत भरू नये, ही धास्ती रुग्णाला असतेच. चाचण्यांचे प्रमाण मात्र घटले. गर्भवतीची चाचणी लांबली, तर बाळाला होणारा संसर्ग वेळीच रोखण्याची संधी हुकते.