शेजारी बसून शिकवणं: सराफ्यापासून कोडपर्यंत

आजची गोष्ट जबलपूरच्या कमानिया गेटपासून सुरू करू. १९३९ साली शहराजवळ त्रिपुरीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत सुभाषबाबूंनी पट्टाभि सीतारामय्यांना १५८० विरुद्ध १३७७ मतांनी हरवलं होतं, तेच हे अधिवेशन. ही कमान त्याची आठवण. पण मला आज कमानीलगतचा सराफा दाखवायचाय.

सोनारकाम वर्गात बसून शिकत नाहीत. शिकाऊ पोरगा कारागिराच्या शेजारी बसतो. दोन तुकडे जोडताना आच जास्त झाली, तर दागिना वितळायच्या आत शेजारचा हात पुढे येतो. चूक घडते त्या क्षणी ती कुणीतरी पाहत असतं.

आज एखादा अनुभवी इंजिनीअर एकाच विद्यार्थ्याला प्रोग्रॅमिंग शिकवतो, तेव्हा हेच घडतं. यादीत दहा नावं आहेत. मुलगी दहावं नाव मागते आणि प्रोग्रॅम कोलमडतो. शिक्षक उत्तर सांगत नाही. विचारतो, "पहिल्या नावाचा क्रमांक किती?" ती थांबते. बऱ्याच भाषांत मोजणी शून्यापासून, म्हणजे दहावं नाव नऊ क्रमांकावर! साठ जणांच्या वर्गात हा प्रश्न नेमक्या वेळी विचारणार कोण?

आता इतिहासात जाऊ. १८४० साली लंडनमध्ये एडा लव्हलेस गणित शिकू लागली. शिक्षक होता ऑगस्टस डी मॉर्गन, जन्म आपल्याच मदुराईचा. शिकवणी बरीचशी पत्रांतून चाले. ती अडली की लिहून पाठवी, तो नेमकी अडचण सोडवी. १८४३ साली तिने बॅबेजच्या यंत्रावर टिपणं छापली. त्यातल्या एकात गणिती रीत यंत्राने पायरीपायरीने कशी चालवावी ते मांडलंय. पुष्कळ जण त्यालाच पहिला प्रोग्रॅम म्हणतात. तरी एवढं गणित स्त्रीच्या शरीराला झेपेल का, अशी धास्ती डी मॉर्गनने पुढच्याच वर्षी तिच्या आईला कळवली!

त्याच १८४० साली सावित्रीबाईंचं जोतीरावांशी लग्न झालं. त्यांनाही जोतीरावांनी घरीच शिकवलं. पण सावित्रीबाई पुढे गेल्या. अध्यापनाचं प्रशिक्षण घेतलं आणि १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तिथे शिकवू लागल्या. एकटीला मिळालेलं त्यांनी अनेकींना दिलं.

१९८४ साली शिकागोच्या बेंजामिन ब्लूम यांनी मांडलं की स्वतंत्र शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो. नंतरच्या अभ्यासांत फरक इतका मोठा दिसला नाही, पण दिसला. ब्लूम यांनी मात्र त्याला 'समस्या' म्हटलं, कारण प्रत्येक मुलामागे एक शिक्षक ठेवणं समाजाला परवडत नाही.

खरी गोम इथेच आहे. एडा उमराव घरातली होती, म्हणून तिला डी मॉर्गन मिळाला. आज फी भरू शकणाऱ्याला अनुभवी इंजिनीअर मिळतो, बाकीचे एकटेच चाचपडतात. तेव्हा मंडळी, तुम्हाला कोड येत असेल, तर आठवड्यातला एक तास कुणा एकाला शेजारी बसवा. कीबोर्ड त्याच्या हातात द्या. आणि तो शिकला की फी एवढीच मागा: त्याने आणखी एकाला शिकवायचं.