इंदूरची निराळी दिवाळी

प्लेगची साथ आणि नगररचनेचा नकाशा यांचा संबंध काय, असें कोणी विचारील. परंतु १९१७ च्या सुमारास होळकरांच्या इंदुरांत सामान्य रहिवाशांनीं तो आपल्यापरीनें जोडला होता. दरबारच्या आमंत्रणावरून पॅट्रिक गेडिस हे साठी उलटलेले स्कॉटिश गृहस्थ त्या शहराची पाहणी करीत होते. मूळचे ते वनस्पतिशास्त्रज्ञ. नगर ही सजीव वस्तु आहे, तिची प्रकृति तपासल्यावांचून औषध देऊं नये, असें त्यांचें मत. म्हणून ते नकाशा घेऊन बोळाबोळांतून हिंडत. लोक मात्र त्यांच्याकडे बोट दाखवून, प्लेग आणणारा म्हातारा साहेब तो हाच, असें कुजबुजत.

या भयास कारण होतें. साहेबानें नकाशावर रेघ ओढली कीं घर पडलें, हा त्या काळचा अनुभवच होता. पुण्यांत १८९७ सालीं प्लेगनिमित्त झालेल्या घरझडत्या, आणि २२ जूनच्या रात्रीं रँडवर झालेला हल्ला, या गोष्टी जुन्या झाल्या तरी विसरल्या गेल्या नव्हत्या.

गेडिस यांनीं तुकोजीराव होळकरांकडे एकाच दिवसापुरता महाराजांचा अधिकार मागून घेतला. नंतर जाहीर झालें कीं, यंदा दिवाळींत मोठी मिरवणूक निघेल; पण ती नेहमींच्या मार्गानें जाणार नाहीं. ज्या रस्त्यांवरचीं घरें अधिक झाडलीं, दुरुस्त केलीं, रंगविलीं जातील, त्याच रस्त्यांनीं ती जाईल. केर मात्र फुकट वाहून नेला जाईल. झालें! आळीआळींत चढाओढ लागली. मार्ग ठरविण्याचा अधिकार हुजूर कचेरींतून निघून घराच्या उंबऱ्यावर आला.

मिरवणुकींत हत्ती, उंट, घोडेस्वार तर होतेच. लक्ष्मीची स्वारी होती. मागून घाणीचा अक्राळविक्राळ राक्षस आणि प्लेगचा प्रचंड उंदीर. त्यांच्यापाठोपाठ पांढरे स्वच्छ कपडे घातलेले, फुलांनीं सजविलेले नवे झाडू घेतलेले झाडूवाले, आणि त्यांच्या रंगविलेल्या गाड्या. ज्यांच्या सावलीचाहि विटाळ मानणारें नगर, त्यानें त्यांना मानानें मिरवावें, ही गोष्ट राक्षसदहनापेक्षां मोठी म्हटली पाहिजे. पुढें नव्या इंदूरची प्रतिमा, भावी इमारतींच्या नमुन्यांसह. आणि घरोघर लावण्यासाठीं तुळशीचीं रोपें. शेवटीं राक्षस व उंदीर जाळण्यांत आले. साथहि ओसरली, अर्थात् तिचा हंगाम संपत आला होता, हेंहि खरें.

लोकांचा धाक मोडला. परंतु यास लोकसत्ता म्हणतां येणार नाहीं. अधिकार महाराजांचा, उसना आणि एका दिवसाचा! गेडिस यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ सालीं निघाला, तोहि इंग्रजींत, दरबारास उद्देशून. वस्त्या सरसकट पाडून रुंद सडका काढण्यापेक्षां मोजकींच मोडकीं घरें काढावीं, मोकळ्या जागीं झाडें लावावीं, असा त्याचा रोख. त्यांतील कांहीं योजना अमलांत आल्या, पुष्कळशा कागदावर राहिल्या. १९१९ सालीं गेडिस मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे अध्यापक म्हणून रुजू झाले.