कामावरची सायकल : नांदेड-लातूरच्या अपडाऊनचा इतिहास

नांदेड आणि लातूर या शहरांत कामावर सायकलने जायचे की नाही, हा प्रश्न पेट्रोलचे भाव आणि मधुमेहाची धास्ती यांमुळे आज पुन्हा विचारला जात असला, तरी तो नवा नाही. विसाव्या शतकाचा बराच काळ या भागातील गिरणी कामगार, शिक्षक, पोस्टमन, कारकून आणि मोंढ्यावरचे मुनीम यांनी तो आपापल्या परीने सोडवलेला होता. त्यांच्या हिशेबात अंतराला पहिले स्थान क्वचितच मिळाले. वाट कोणत्या मातीतून जाते आणि हजेरी किती वाजता लागते, यावरच बहुतेक वेळा निर्णय ठरत असे.

दोन्ही गावांची घडण वेगळी असल्यामुळे सायकलचा उपयोगही वेगळा झाला. मनमाड ते सिकंदराबाद हा मीटरगेज, म्हणजे रुळांमध्ये एक मीटर अंतर असलेला, लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी नांदेडवरून गेला आणि पुढे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावाने ओळखली जाणारी उस्मानशाही गिरणी तेथे उभी राहिली. गिरणीत काम पाळ्यांनी चाले. पाळीचा भोंगा कोणासाठी थांबत नसल्याने गोदावरीकाठच्या जुन्या वस्तीतून किंवा आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या कामगाराला स्वतःच्या ताब्यातले वाहन लागे. लातूरला 1911 मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज गाडी पोचली आणि 1917 मध्ये गंजगोलाईची गोलाकार बाजारपेठ बांधली गेली. गोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात, त्यामुळे गावातल्या गावात अडतीवर किंवा पेढीवर जाणाऱ्याला पायीच सोयीचे पडे. लातूरकराची सायकल खरी उपयोगी पडली ती औसा, रेणापूर किंवा मुरूडच्या वाटेवर.

या वाटांवर दुसरे साधन फारसे नव्हते. निजाम राज्य रेल्वेने 1932 मध्ये अवघ्या 27 गाड्यांनिशी बससेवा सुरू केली, परंतु ती मुख्य रस्त्यांपुरती होती आणि तिच्या वेळा नोकरदाराच्या वेळांशी जुळतीलच असे नव्हते. रॅले, हंबर, फिलिप्स या विलायती सायकली तेव्हा सरकारी हुद्देदार, वकील आणि सधन व्यापारी यांनाच परवडत. स्वातंत्र्यानंतर सोनीपतला 1951 मध्ये ॲटलास आणि लुधियानात 1956 मध्ये हिरो सायकल बनू लागल्यावर ती मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. घड्याळ, अंगठी आणि सायकल या तीन वस्तू नवरदेवाला देण्याची रीत मराठवाड्यात दीर्घकाळ होती, आणि तिच्यामुळे अनेक कारकुनांची आणि गुरुजींची पहिली सायकल सासऱ्याच्या पैशांतून आली. ती घ्यावी की नाही, हा निर्णय बहुधा ती चालवणाऱ्याने घेतलेलाच नसे.

ही सायकल बांध्याने दणकट आणि वजनाने सुमारे 20 किलो. चाके 28 इंची, ब्रेक लोखंडी सळयांचे आणि गिअर एकच : पुढच्या दातेरी चकतीला 44 ते 48 दात, मागच्या फ्रीव्हीलला 18, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे सरके. सपाटीला हे प्रमाण उत्तम होते. नांदेड गोदावरीच्या खोऱ्यात असल्याने तेथील स्वाराला फारसा चढ लागत नसे. लातूर मात्र बालाघाटच्या पठारावर आहे, तेथे ओढ्याच्या उतारावर मिळालेला वेग पलीकडच्या चढावर संपे आणि स्वार उतरून सायकल हाती धरून चाले. तासाला 12 ते 15 किलोमीटर या वेगाने लातूर ते औसा हे सुमारे 20 किलोमीटरचे अंतर दीड तासात कापता येई, आणि कष्टाची सवय असलेल्या पिढीला ते अशक्य वाटत नसे.

खरी अडचण काळ्या मातीची होती. कापसाच्या या जमिनीतील चिकणमाती पहिल्या पावसातच फुगते, चाकाला थरावर थर चिकटते आणि मडगार्ड व टायर यांमधली फट बुजली की चाक फिरायचेच थांबते. अशा वेळी काडीने चिखल उकरून काढणे, मडगार्ड कायमचे काढून टाकणे किंवा सरळ सायकल खांद्यावर घेऊन डांबरी सडकेपर्यंत जाणे, एवढेच मार्ग उरत. उन्हाळ्यात माती आडवी येत नसे, पण बाभळीचे काटे ट्यूबमध्ये शिरत, म्हणून सीटखालच्या चामडी पिशवीत सोल्युशनची नळी आणि रबराचे ठिगळ ठेवले जाई. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा जोराचा असतो; मुरूडकडे निघालेल्या लातूरकराला तो सकाळी छातीवर घ्यावा लागे, संध्याकाळी मात्र तोच पाठीवर येई.

सायकलीवरील अपडाऊनची सर्वांत रंजक बाजू शिक्षकांच्या नोकरीत दिसते. 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या आणि शिक्षकाने मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावीच राहावे, ही अपेक्षा घरभाडे भत्त्याशी जोडली गेली. नियम कागदावर स्वच्छ होता. परंतु खेड्यात भाड्याची खोली मिळणे कठीण, स्वतःच्या मुलांची माध्यमिक शाळा तालुक्याच्या गावी, आणि शेतीवाडी तिसऱ्याच गावात. सायकलने या पेचातून वाट काढून दिली. गुरुजी तालुक्याला राहत आणि घंटेच्या आधी शाळेत हजर होत. मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळची झाली की त्यांना अंधारातच निघावे लागे, पण परतीचे ऊन टळत नसे, कारण नांदेडचा पारा तेव्हा दुपारी 40 अंशांपलीकडे जातो. या अपडाऊनवर टीका पुष्कळ झाली आणि तिच्यात तथ्यही आहे. तथापि पावसाळ्यात चिखल तुडवत येणाऱ्या शिक्षकाला कामचुकार ठरवणे हा एकांगी न्याय होय.

नगरपालिकांनी या वाहनाकडे उत्पन्नाचे साधन म्हणूनही पाहिले. सायकलवर वार्षिक कर असे आणि तो भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा बिल्ला मिळे, जो दांडीला किंवा हॅण्डलखाली अडकवावा लागे. रात्री दिवा नसणे आणि डबलसीट बसणे हे गुन्हे होते. त्यामुळे टायरला घासून फिरणारा आणि वीज देणारा डायनॅमो चाकाला लागण्यापूर्वी अनेकजण रॉकेलचा कंदील हॅण्डलला टांगून फिरत.

1972 मध्ये पुण्याच्या कायनेटिक कंपनीने लुना आणली. पुढे हप्त्यांवर मोटारसायकल मिळू लागली आणि सायकलवरचा नोकरदार कमी होत गेला. तरीही 2011 च्या जनगणनेत, शेती आणि घरगुती उद्योग वगळून इतर कामे करणाऱ्या देशभरातील लोकांपैकी सुमारे 13 टक्के कामावर सायकलनेच जात असल्याची नोंद आहे. नांदेडची गिरणी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्यानंतर अखेर बंद पडली. शहर गोदावरी ओलांडून सिडको, हडको आणि विष्णुपुरीपर्यंत पसरले. शीख धर्मीयांच्या 2008 च्या गुरू-ता-गद्दी सोहळ्याच्या काळात जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानातून शहरातील काही प्रमुख रस्ते पदपथ आणि स्वतंत्र सायकलपट्ट्यांसह नव्याने बांधण्यात आले. मराठवाड्यात अशी रचना नवी होती, मात्र गाड्या उभ्या करायला आणि हातगाडे लावायला तीच जागा सोयीची ठरल्याने पट्टी असूनही सायकलस्वार पुष्कळदा मुख्य रस्त्यावरच दिसतो.

आज लातूरच्या एमआयडीसीत, हरंगुळच्या रेल्वे डबा कारखान्यात किंवा विष्णुपुरीच्या विद्यापीठात कामाला जाणाऱ्याने जुनाच हिशेब मांडायला हवा, फक्त त्यातल्या रकमा बदलल्या आहेत. काळ्या मातीची अडचण डांबराने पुष्कळशी दूर केली असून तिच्या जागी ट्रक आले आहेत. तुळजापूर, औसा, लातूर आणि नांदेड जोडणारा राष्ट्रीय महामार्ग 361 चौपदरी झाल्यापासून त्यावरचा वेग सायकलला मानवणारा राहिलेला नाही. दहा-बारा किलोमीटरची वाट शहरी रस्त्यांवरून जात असेल आणि उन्हाळ्यात आठच्या आत कामावर पोचता येत असेल, तर सायकल धरण्यात धोका कमी आहे. जिथे महामार्गावरूनच जावे लागते, तिथे एसटीचा पासच बरा.