संपाच्या गायकाची प्रेमगीते

इंग्लंडचा बिली ब्रॅग १९८४-८५च्या खाणकामगारांच्या संपात मदतीचे कार्यक्रम करत हिंडला, बहुतेकदा एकटाच, एका इलेक्ट्रिक गिटारवर. बाज लोकगीताचा, आवेश पंकचा. १९८७ साली थॅचरबाई तिसऱ्यांदा जिंकल्या आणि १९८८ साली याचा 'वर्कर्स प्लेटाइम' अल्बम आला. नाव बीबीसीच्या युद्धकाळातल्या, कामगारांसाठीच्या कार्यक्रमाचे. आत मात्र बरीचशी मोडलेल्या प्रेमाची गाणी, साथीला पियानो आणि ड्रम्स! काही चाहते हिरमुसले, काहींना हाच बिली जवळचा वाटला. मला हिरमुसलेल्यांचे नवल वाटते. संपकऱ्याच्या घरात काय रुसवेफुगवे नसतात? शिवाय या रेकॉर्डला ४.९९ पौंडांहून जास्त देऊ नका, असे त्याने मुखपृष्ठावरच बजावले होते. आणि गाण्यात राजकारण मिसळून उपयोग काय, हा लोकांचा प्रश्न शेवटच्या गाण्यात त्याने स्वतःच घेतला आहे.