भाग, भाग्य आणि रशियन ‘बोग’

मी पद्मनाभपूरहून, म्हणजे दुर्ग-भिलाईहून बोलतोय. आमच्या शेजारी भिलाईच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत. रशियन इंजिनियरांबरोबर काम केलेले. २ फेब्रुवारी १९५५ला सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या सगळ्या रशियनातून काकांकडे एकच शब्द पक्का उरलाय : ‘स्पासिबो’, म्हणजे धन्यवाद.

हा मुळात ‘स्पासी बोग’, देव तुला राखो. शेवटचा ‘ग’ बोलता बोलता गळाला. बोग म्हणजे देव. पोलिशमध्ये ‘बुग’, चेकमध्ये ‘बूह’, सर्बियन आणि बल्गेरियनमध्ये ‘बोग’च. एकूण एक स्लाव भाषांत हा शब्द आहे.

आता आपला ‘भग’ घ्या. ऋग्वेदात भग हा आदित्यांपैकी एक. सातव्या मंडलात त्याचं पहाटेचं सूक्त आहे. त्याचं काम वाटणी करण्याचं, ज्याचा त्याचा वाटा देण्याचं. धातू ‘भज्’. त्यातूनच भाग, भाग्य, भक्त, भगवंत आणि शाळेत छळणारा भागाकारही! रशियनमध्ये ‘बोगाती’ म्हणजे श्रीमंत, पोलिशमध्ये ‘उबोगी’ म्हणजे गरीब, आपल्या भाषेत अभागी. पोलिश ‘झ्बोझे’ म्हणजे धान्य, तर चेक ‘झ्बोझी’ म्हणजे विक्रीचा माल. या शब्दांत देव नाहीच, वाटाच आहे. ‘बोगदान’ हे नाव तर महाभारतातल्या भगदत्ताचं सख्खं भावंडं : देवानं दिलेला.

इथं टाळ्या पडतात आणि कुणीतरी म्हणतं, ‘बघा, रशियन संस्कृतातूनच निघाली.’ नाही हो. दोन्ही भाषा एका जुन्या मुळाच्या शाखा आहेत. बहीण ही बहिणीची आई नसते.

खरा वाद निराळा आहे. स्लावांनी हा शब्द मुळापासून जपला, की काळ्या समुद्राच्या उत्तरेला राहणाऱ्या इराणी भाषक शक-सरमत शेजाऱ्यांकडून घेतला? उच्चारावरून निकाल लागत नाही, कारण ‘भ’चा ‘ब’ दोन्हीकडे होतो : आपला भ्राता रशियनमध्ये ‘ब्रात’, जुन्या फारसीत ‘ब्रातर’. अर्थ मात्र इराणकडे बोट दाखवतो. सम्राट दारयवहूच्या शिलालेखांत देवाला ‘बग’च म्हटलंय. स्लावांच्या शेजारची लिथुएनियन भाषा आजही देवाला ‘दिएवास’ म्हणते, आपल्या ‘देव’चाच भाऊबंद. इराणात तो ‘दएव’ राक्षस ठरला, आणि स्लावांकडेही देव या अर्थानं टिकला नाही. दोन्हीकडे तीच उलथापालथ व्हावी, हा मला योगायोग वाटत नाही. माझं मत असं : ‘वाटा’ हा अर्थ स्लावांच्या घरचा, ‘देव’ हा अर्थ शेजाऱ्याकडून आलेला. धान्य, श्रीमंती, गरिबी एवढं सगळं नुसत्या उसन्या देवातून उगवणं कठीण.

भिलाईत १९७२मध्ये भारत-सोव्हिएत स्नेहाची खूण म्हणून मैत्री बाग उभी राहिली. रविवारी मुलांना वाघ दाखवायला आपण सगळे तिथं जातो. ‘बाग’ हा शब्द फारसीतून आला आणि अभ्यासकांच्या मते त्याचा जुना अर्थ जमिनीचा तुकडा, वाट्याला आलेली जागा. म्हणजे तोही ‘भाग’च. काकांना हे सांगितलं, तर ते हसून म्हणाले, ‘स्पासिबो.’