बोटांच्या तपासणीपासून जनुकांच्या वाचनापर्यंत

गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या स्त्रीचे पुढे काय होईल, हे ठरावीक मोजमापाने सांगण्याची गरज रेडियममुळे निर्माण झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत स्टॉकहोम, पॅरिस आणि म्युनिक येथील रुग्णालये रेडियम थेट गर्भाशयमुखापाशी ठेवून हा रोग बरा करू लागली होती. प्रत्येकाची पद्धत निराळी आणि यशाचे आकडेही निराळे. पण एका ठिकाणी लवकर आलेल्या स्त्रिया जास्त आणि दुसरीकडे उशिरा आलेल्या जास्त असतील, तर त्या आकड्यांची तुलना करायची कशी? राष्ट्रसंघाच्या आरोग्य संघटनेने हे काम हाती घेतले आणि १९२९ मध्ये रोगाचे चार टप्पे प्रसिद्ध केले.

गाठ गर्भाशयमुखापुरतीच असेल तर पहिला टप्पा, आजूबाजूच्या ऊतींत शिरली असेल तर दुसरा, कटिभागाच्या भिंतीला भिडली असेल तर तिसरा आणि त्यापलीकडे गेली असेल तर चौथा. ही विभागणी प्रामुख्याने डॉक्टरांच्या डोळ्यांवर आणि बोटांवर अवलंबून होती. योनिमार्गातून व गुदमार्गातून तपासताना गाठ हलते की भिंतीला घट्ट चिकटली आहे, हे हाताला कळत असे. पुढे फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९५८ मध्ये ही पद्धत आपल्या छत्राखाली घेतली आणि कितीतरी दशके तिचा पाया हाताच्या तपासणीवरच ठेवला. हा रोग सर्वांत जास्त आढळतो तो गरीब देशांत. जिथे सीटी स्कॅन नाही तिथल्या स्त्रीचाही टप्पा ठरवता यावा, हा त्यामागचा विचार होता आणि तो अत्यंत न्याय्य होता. स्कॅन आणि शस्त्रक्रियेनंतरचा अहवाल यांना टप्पा ठरवण्यात अधिकृत स्थान मिळाले ते २०१८ मध्ये. तेव्हाही ही साधने सक्तीची केली गेली नाहीत.

टप्पा गाठीचा पसारा सांगतो, स्वभाव सांगत नाही. याचे सर्वांत दुःखद उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात सर्वांना ठाऊक असलेल्या एका स्त्रीचे आहे. १९५१ च्या फेब्रुवारीत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या तीस वर्षांच्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या रोगाची नोंद पहिल्या टप्प्याची म्हणून झाली. रेडियमचे उपचार झाले. तरीही रोग झपाट्याने पसरला आणि त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला तिचा मृत्यू झाला. तिची परवानगी न घेता काढलेल्या पेशी हेला या नावाने जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत राहिल्या. जवळपास वीस वर्षांनी जुन्या काचपट्ट्या पुन्हा तपासल्या, तेव्हा तो ग्रंथिजन्य प्रकारचा कर्करोग असल्याचे लक्षात आले. आधी झालेले निदान वेगळ्या प्रकाराचे होते.

याच पेशींनी पुढचे दारही उघडले. जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने १९८३ आणि १९८४ मध्ये या कर्करोगात एचपीव्ही विषाणूचे १६ आणि १८ हे प्रकार शोधले. हेला पेशींत १८ वा प्रकार सापडला. १९८५ मध्ये याच गटाने दाखवले की कर्करोगाच्या पेशींत विषाणूची ई६ आणि ई७ ही जनुके सातत्याने वाचली जातात. ई६ पासून तयार होणारे प्रथिन पी५३ या रक्षक प्रथिनाचा नाश घडवून आणते. ई७ चे प्रथिन पेशीविभाजनाला लगाम घालणारे आरबी प्रथिन निकामी करते. कोणते जनुक पेशीत आहे याइतकेच कोणते वाचले जाते हेही महत्त्वाचे आहे, ही जनुकीय अभिव्यक्तीची कल्पना या रोगाच्या अभ्यासात अशी आली.

भाकिताचा दुसरा धागा प्राणवायूचा. किरणोपचाराने पेशीच्या डीएनएला होणारी इजा पक्की व्हायला प्राणवायू लागतो. मोठ्या गाठीच्या आत तो पुरेसा पोचत नाही. जर्मनीतील माइन्झ येथे मिखाएल होकेल यांच्या गटाने गाठीत सुईसारखा इलेक्ट्रोड घालून प्राणवायूचा दाब मोजला. १९९६ मध्ये त्यांनी दाखवले की हा दाब कमी असलेल्या स्त्रियांत रोग अधिक वेळा उलटतो, केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांतही. म्हणजे प्राणवायूची टंचाई किरणांना अडथळा करतेच, शिवाय ती गाठीच्या आक्रमकतेचीही खूण आहे. मात्र प्रत्येक रुग्णाच्या गाठीत सुया घालणे व्यवहारात जमणारे नव्हते.

१९९५ नंतर मायक्रोअ‍ॅरे आले. काचेच्या छोट्या पट्टीवर हजारो जनुकांचे तुकडे बसवून पेशीत कोणत्या जनुकाच्या आरएनए प्रती किती आहेत, हे एकाच वेळी मोजता येऊ लागले. नॉर्वेत ऑस्लो येथे हाइडी लिंग यांच्या गटाने एमआरआयची चित्रे आणि बायोप्सीतील जनुकांचे वाचन यांची सांगड घातली. प्राणवायू कमी पडला की पेशी ठरावीक जनुके जास्त वाचू लागते. त्यांतील सहा जनुकांवरून केमोथेरपीसह दिलेले किरणोपचार कोणत्या स्त्रीत अपुरे पडण्याचा धोका आहे हे ओळखणारी कसोटी या गटाने २०१६ मध्ये मांडली. इतर देशांतूनही अशा अनेक जनुकयाद्या निघाल्या, पण त्यांत समान नावे थोडीच सापडतात. अभ्यासातील स्त्रियांची संख्या लहान असते आणि मोठ्या गाठीचा एक तुकडा साऱ्या गाठीची साक्ष देईलच असे नाही. भरवसा ठेवण्याआधी अशी प्रत्येक यादी दुसऱ्या रुग्णालयातल्या रुग्णांवर पडताळलीच पाहिजे.

अमेरिकेतील कर्करोग जनुकसंचाच्या प्रकल्पाने २०१७ मध्ये २२८ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात केरॅटिनची जनुके जास्त वाचणाऱ्या, कमी वाचणाऱ्या आणि ग्रंथिजन्य अशा वेगवेगळ्या गटांच्या गाठी दिसल्या. एचपीव्ही नसलेल्या काही गाठी तर गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाच्या जवळच्या निघाल्या. काही गाठींत पीडी-एल१ या प्रथिनाच्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या होत्या. या प्रथिनाची मोजणी मात्र रुग्णालयापर्यंत पोचली आहे. पसरलेल्या किंवा उलटलेल्या रोगात पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध द्यायचे की नाही, हे ठरवताना ती पाहिली जाते.

बाकी निर्णय अजून टप्पा, गाठीचा आकार आणि लसीका ग्रंथी यांवरच होतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात तिसऱ्या टप्प्याच्या ३बी या उपटप्प्यातील ८५० स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. रुग्ण ज्याला शेक म्हणतात त्या किरणोपचारांसोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन दिल्यावर पाच वर्षांनी रोगमुक्त असलेल्या स्त्रियांचे प्रमाण ४३.८ टक्क्यांवरून ५२.३ टक्क्यांवर गेले. या साडेआठ टक्क्यांमागे कितीतरी घरांतल्या स्त्रियांचे वाचलेले प्राण आहेत. पण त्यासाठी औषध त्या गटातल्या सगळ्यांनाच सोसावे लागले आणि औषध घेऊनही जवळपास निम्म्या स्त्रियांना पाच वर्षे रोगमुक्त राहता आले नाही. टप्पा सर्वांचा एकच होता. त्यांच्यातला फरक बायोप्सीच्या तुकड्यातून उपचारांआधीच ओळखता यावा, यासाठी जनुकांच्या वाचनाचे काम चालू आहे.