बोली, धर्मादाय आणि साधारण खाते

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाच्या या मंगलप्रसंगी गतकाळाचे स्मरण करताना एक प्रश्न मनात येतो : सर्वांच्या उपयोगाची सोय किती असावी, हे कोणी ठरवावे?

आपल्या नगरीत त्याचे एक उत्तर राज्यकर्त्याने दिले. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसविली आणि पुढे खापरी नळांची नहर-ए-अंबरी बांधून गावात पाणी खेळविले. खर्च राज्याचा, निर्णयही राज्याचाच. कालांतराने राजाश्रय सरला, देखभाल खुंटली, नळमार्गावर बांधकामे झाली. आज शहर प्रामुख्याने जायकवाडीच्या पाण्यावर अवलंबून आहे.

व्यापारी पेठांतून दुसरा मार्ग रूढ झाला. प्रत्येक सौद्यावर गाठीमागे वा शेकड्यामागे अल्पशी रक्कम ‘धर्मादाय’ म्हणून घ्यावयाची आणि ती पाणपोई, पांजरपोळ, धर्मशाळा अशा कार्यांस लावावयाची. जितका व्यापार तितका वाटा, हा पेठेचा दंडक. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमानेही अशा रकमेचा व्यापारी हा मालक नसून विश्वस्त आहे, असे मानले.

तिसरा मार्ग बोलीचा. पर्युषणात प्रभूंच्या जन्मवाचनाच्या दिवशी चौदा स्वप्नांच्या बोल्या होतात, तेव्हा रकमेचा आकडा भाविकांच्या उल्हासावर ठरतो. तो उल्हास वंदनीयच आहे. तथापि देवद्रव्य जिनमंदिर व जिनबिंबाच्या कार्याखेरीज अन्यत्र वापरता येत नाही. उपाश्रयाची डागडुजी, विजेचे बिल इत्यादींचा भार साधारण खात्यावर पडतो, आणि अनेक संघांत नेमके हेच खाते तुटीत असते. नव्या वास्तूच्या शिलेवर नाव कोरावयास दाते पुष्कळ लाभतात. गळके छत दुरुस्त करावयास थोडेच पुढे येतात. नहरीची कथा याहून निराळी नाही.

म्हणून नम्र सूचना अशी की, बांधकामासाठी बोली व देणग्या असाव्यातच. देखभालीसाठी मात्र धर्मादायाची जुनी रीत स्वीकारावी. वर्षारंभी साधारण खात्याचे अंदाजपत्रक सभेपुढे यावे, कोणती सोय किती ठेवावयाची हे सर्वांनी मिळून ठरवावे आणि प्रत्येक घराने ऐपतीनुसार ठरलेला वाटा उचलावा. ज्यांची ऐपत नाही त्यांचा वाटा इतरांनी मुकाट्याने भरावा; त्याची वाच्यता होऊ नये. प्रथम खर्चाचा अंदाज, मग त्याची वाटणी, हा हिशोब गुलमंडीच्या व्यापाऱ्यास नवा नाही.

पूर्वजांनी उभारलेले जतन करणे, हेही दानच आहे. जय जिनेंद्र!